पेडणेकर काकांची चाळीस हजार पत्रं

माझा धंदा नेमका कोणता, हे माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही. "आमची वैशाली लोकांच्या घरी जाऊन टीव्हीसारखं काहीतरी दुरुस्त करते," असं त्या सगळ्यांना सांगायच्या. एकदा तर त्यांनी शेजारणीचा मिक्सर माझ्यासाठी ठेवून घेतला होता. मी तो दुरुस्तही केला, कारण आतली एक वायर सुटली होती आणि सासूबाईंची शेजारातली पत राखणं भाग होतं. मुलुंड, नाहूर, भांडुप, घाटकोपर एवढ्या टापूत मी वीसेक वर्षं घरोघरी जाऊन कॉम्प्युटर नीट केले. आता गुडघे जिने चढायला तयार नाहीत, म्हणून पाटी उतरवली. पाटी कसली, सोसायटीच्या फळ्यावर चिकटवलेली एक चिठ्ठी होती. ती वॉचमनने काढली.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे व्हायरस काढणं. तो आमचा रोजचा वरणभात. पण मला सगळ्यात जास्त बोलावणी आली ती एकाच तक्रारीसाठी. "अहो, इथेच होतं. आता सापडत नाही."

हे "इथेच" म्हणजे बहुतेक वेळा ईमेल. माणसं रद्दी विकतात, जुने कपडे देऊन स्टीलची पातेली घेतात, पण मेल कुणी फेकत नाही. ती दिसत नाही, जागा अडवत नाही आणि तिच्यावरून घरात भांडण होत नाही. दहा-बारा वर्षांत हजारोंचा ढीग जमतो. फोनवर मेल बघणाऱ्या आजच्या मुलांना सांगावं लागतं, की आमच्या वेळचे पुष्कळ लोक मेलसाठी कॉम्प्युटरवर एक वेगळा प्रोग्रॅम ठेवायचे. काही अजूनही ठेवतात. तो प्रोग्रॅम आलेली सगळी पत्रं एकाच मोठ्या फायलीत कोंबतो, गोणीत भरावीत तशी. मग शोधून देणारी सॉफ्टवेअर आली. त्यांची करामत अशी, की ती आधीच सगळं वाचून एक सूची तयार करून ठेवतात. पुस्तकाच्या शेवटी असते तशी, कुठला शब्द कुठल्या पानावर. सूची तयार असली, की हजारो पत्रांतलं हवं ते पत्र क्षणात समोर. सूची नसली, तर बसा बोंबलत.

गोम अशी, की हे सॉफ्टवेअर मेलच्या गोणीत आपणहून हात घालत नाही. त्याला सांगावं लागतं, की बाबा रे, हीसुद्धा वाच. आत कुठेतरी एक चौकोन असतो, त्यात खूण करायची. मेलचा प्रोग्रॅम उघडा ठेवायचा. आणि मग वाट बघायची. कारण हे सॉफ्टवेअर भलतं भिडस्त. तुम्ही कॉम्प्युटरवर काम करायला बसलात, की ते आपलं काम खाली ठेवतं. तुम्ही उठलात, की पुन्हा सुरू. आमच्याकडच्या केरवाल्या मावशी घरात कुणी जेवत असलं तर झाडू घेऊन दाराबाहेर थांबायच्या, तसं. पहिली सूची व्हायला कधी पाच तास लागतात, कधी दोन दिवस.

घाटकोपरला बँकेतून निवृत्त झालेले साठे म्हणून एक गृहस्थ होते. आलेली प्रत्येक मेल ते छापून फायलीला लावायचे. मुलाने परदेशातून फोनवर हट्ट धरला म्हणून त्यांनी मला बोलावलं. सूची पुरी झाल्यावर मी ऐटीत म्हटलं, "आता काहीही शोधा." ते म्हणाले, "शर्यत लावू या." मिसेस साठ्यांनी विषय दिला, गॅस एजन्सीचं पत्र. माझ्यासमोर दोनशे पत्रं येऊन पडली, त्यांतली निम्मी मुलाने पाठवलेल्या पोटाच्या औषधांची. मी चाळत बसले तोवर साठ्यांनी कपाट उघडलं, फाइल काढली आणि पान माझ्यापुढे धरलं. "चहा घेणार ना?" असं ते इतक्या मायेने म्हणाले, की मला हरल्याचं वाईटही वाटलं नाही.

मुलुंडला एका घरात चौघांच्या मेल एकाच प्रोग्रॅममध्ये यायच्या. वडिलांना मुलीच्या लग्नासाठी कुठल्याशा हॉलचं पत्र हवं होतं. मी सगळं बसवून दिल्यावर त्यांनी 'मॅरेज' असं टाइप केलं आणि हॉल राहिला बाजूला, मुलीने कुणा निखिलला लिहिलेली पत्रं रांगेने उभी राहिली. पहिल्याच ओळीत "बाबांना मी सांगते, तू घाबरू नकोस." मुलगी दारात उभी होती, पांढरीफटक. मी माउस ओढून घेतला आणि म्हटलं, "जाहिराती आहेत काका. असला कचरा फार येतो हल्ली." आणि तिच्या खात्यावरची खूण काढून टाकली. वडील "असं होय," म्हणाले. सहा महिन्यांनी पत्रिका आली. नवऱ्या मुलाचं नाव निखिलच होतं. वडिलांना तेव्हा कळलं होतं की नाही, हे विचारायचा धीर मला लग्नातही झाला नाही.

पण हे सगळं लिहायला बसले ती पेडणेकर काकांसाठी.

काका-काकू नाहूरला राहायचे. मूळचे वेंगुर्ल्याकडचे. काकांचे वडील गिरणीत होते, काका पुढे एका कारखान्यात स्टोअर सांभाळायचे. माझ्या नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि मी एका क्लासमध्ये शिकलेल्या विद्येवर घरोघरी जायला लागले, तेव्हाच्या माझ्या पहिल्या दोन-चार घरांतलं त्यांचं घर. काका पत्रव्यवहारात हौशी. गाववाले, जुने सहकारी, डॉक्टर, सगळ्यांना मेल. काहीही काढून टाकायचं नाही.

काही वर्षांपूर्वी काकांना झटका आला. उजवी बाजू गेली, आणि बोलणं गेलं. समजायचं सगळं. हो म्हणायचं असलं तर डाव्या हाताने समोरच्याचा हात दाबायचे, नाही म्हणायचं असलं तर मान हलवायचे. दोनेक महिन्यांनी काकूंचा फोन आला. "वैशाली, घरातलं सगळं ह्यांच्याच डोक्यात होतं गो. लाइटवाला कोण, फिल्टरवाला कोण, सोसायटीचं पत्र कधी आलं, मला काय्येक माहीत नाही. आता ह्यांना विचारायची सोय नाही. निदान त्या कॉम्प्युटरला तरी विचारता येईल असं करून दे."

मी गेले, शोधायचं सॉफ्टवेअर घातलं, मेलच्या गोणीवर खूण केली. म्हटलं, "काकू, दोन दिवसांत सगळं सापडेल." आठवड्याने फोन. "काही सापडत नाही." मी पुन्हा जाऊन काढलं, पुन्हा घातलं. मी बसले त्या तासाभरात अलीकडची पत्रं सापडायला लागली, खात्री झाली, निघाले. पुन्हा फोन. असं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी माझा पारा जरा चढला होता. "काकू, शब्द नीट टाकत जा हं," असं बोलून गेले. काकू "बरं" म्हणाल्या. नंतर त्यांचा फोन आला नाही. मी समजले, जमलं त्यांना.

तीन-चार महिने गेले. एका मंगळवारी सकाळी काकूंचा आवाज वेगळाच. "आज लगेच येशील? सुषमाचं ऑपरेशन आहे शुक्रवारी."

सुषमा त्यांची मुलगी, दिंडोशीला सासरी. पित्ताशयातला खडा नळीत अडकला होता आणि थांबायला वेळ नव्हता. भीती ऑपरेशनची नव्हती, भुलीची होती. सुषमा एकोणीस वर्षांची असताना एका लहानशा ऑपरेशनसाठी तिला भूल दिली आणि तिचा श्वासच थांबला होता. किती तास ती मशीनवर होती. वाचली. भुलीच्या डॉक्टरांनी पुढे शोधून काढलं, की एक ठरावीक औषध तिच्या शरीराला चालत नाही, आणि काकांना तसं मेलने कळवलं. पुन्हा कधीही देऊ नका म्हणून. आता ते हॉस्पिटल राहिलं नव्हतं, ते डॉक्टर मुंबई सोडून गेले होते आणि त्यांचं नावही काकूंना किंवा सुषमाला आठवत नव्हतं, कागदांची फाइल माळ्यावर गळतीने भिजून लगदा झाली होती. नव्या डॉक्टरांनी सांगितलं, "रक्ताच्या तपासणीचा रिपोर्ट यायला आठ-दहा दिवस लागतील. तेवढं थांबता येणार नाही. आम्ही जपून करू, पण औषधाचं नाव कळलं तर फार बरं."

मी काकांशेजारी बसले. विचारलं, "काका, मेल आली होती ना?" त्यांनी माझा हात दाबला. "काढून तर टाकली नाही?" त्यांनी मान हलवली, आणि मग डोळ्यांतून पाणी. त्यांना नाव माहीत असणार, नक्की माहीत असणार. ते त्यांच्या आतच अडकलं होतं.

मी शोधायला बसले. भूल, औषध, रिअॅक्शन, सुषमा, इंग्रजीत सुचतील ते सगळे शब्द घातले. काही नाही. मेलच्या प्रोग्रॅमचा स्वतःचा शोध फक्त विषयाची ओळ बघायचा, त्यातही काही नाही. म्हटलं, हरकत नाही, ऑपरेशनचं वर्ष माहीत आहे, पत्रं तारखेने लावू आणि एकेक वाचू. लावली. आणि पुन्हा एकदा लावून बघितली.

जुन्या सगळ्या पत्रांवर एकच तारीख होती. हजारो पत्रं, एक दिवस. तो दिवस मला ओळखू आला. त्या दिवशी मी काकांच्या जुन्या मशीनवरची पत्रं नव्या मशीनवर आणली होती. आणताना एखादी पायरी चुकले असणार, कारण प्रत्येक पत्रावर तीच तारीख बसली होती. मी तेव्हा उघडून तपासलंच नव्हतं. पत्रं आली, आकडा जुळला, निघाले.

"काय झालं गो?" काकूंनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "पंखा लावा जरा."

खरं सांगायची ती वेळ होती, आणि मी सांगितलं नाही.

मग एकच वाट उरली होती, सूची. ती कुठवर आली ते बघितलं. चाळीस हजारांवर पत्रांतली तिने जेमतेम सहाशे वाचली होती. महिनोन्‌महिने गेले आणि सहाशे! मी चक्रावले. "काकू, कॉम्प्युटर किती वेळ चालू असतो?"

"चालू कशाला असेल? दहा मिनिटं बघते आणि बोर्डावरचं बटण बंद. वर कव्हर घालते. धूळ बसते ना."

काकांनीच लावलेली शिस्त. वापरात नाही ते बोर्डावरून बंद. टीव्ही, मिक्सर, मोबाइलचा चार्जर, सगळं. आणि कॉम्प्युटरला जुन्या साडीचं, लेस लावलेलं कव्हर. म्हणजे ज्या मोकळ्या वेळात सूची व्हायची, तो वेळच या घरात कधी आला नव्हता. वरून एकदम वीज गेली, की अर्धवट सूची बिघडायची आणि सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. मी तीनदा येऊन गेले, तीनदा सॉफ्टवेअरला शिव्या घातल्या, एकदा काकूंनाही बोलले. पण हे एकदाही विचारलं नाही. माझ्या घरी तरी वेगळं काय होतं? माझ्याच सासूबाई झोपायच्या आधी बोर्डाबोर्डावर हात फिरवायच्या.

सकाळचे दहा वाजले होते. मी मेलचा प्रोग्रॅम उघडला, कॉम्प्युटरने मध्येच झोपू नये अशी व्यवस्था केली आणि हात मागे घेतले. "आता कुणी माउसला हात लावायचा नाही. संध्याकाळपर्यंत."

"नुसतं बघत बसायचं?" काकूंना विश्वास बसेना.

"नुसतं बघत बसायचं."

उभ्या आयुष्यात इतकं कठीण काम मी केलं नाही. माझा धंदाच हात लावायचा. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा चढत होता, सातशे, नऊशे, मध्येच थांबायचा आणि मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचे. काकांची खुर्ची आम्ही समोर आणून ठेवली. ते आकड्यावरून नजर हलवत नव्हते. बाराच्या सुमाराला सुषमा आली, कूस धरून. वडिलांच्या पायाशी बसली. मला म्हणाली, "ताई, मला त्या औषधाचं नावपण आठवत नाही. कधी विचारलंच नाही मी. बाबा आहेत ना, असंच वाटायचं."

काकूंनी कुळथाची पिठी आणि भात वाढला. जेवणं झाली. काकू ताटं घेऊन आत निघाल्या आणि जाता जाता सवयीने ट्यूबलाइटचं बटण बंद करून त्यांचं बोट शेजारच्या, कॉम्प्युटरच्या बटणावर गेलं.

"काकू!" मी इतक्या जोरात ओरडले, की ताट खाली पडलं.

बोट बटणावर तसंच. दाबलं गेलं नव्हतं. काकू मटकन खाली बसल्या. "वाट लावणार होते गो मी पोरीची," म्हणाल्या आणि हुंदके द्यायला लागल्या. सुषमा उठली, बाबांच्या औषधांच्या डब्यातली चिकटपट्टी आणली आणि त्या बटणावर उभीआडवी लावून टाकली. "आई, रडू नको. आता तू दाबलंस तरी दबणार नाही."

पाच वाजायला आले तेव्हा आकडा पूर्ण झाला. मी सुषमाचं नाव आणि 'इंजेक्शन' असे दोन शब्द एकत्र घातले. एकेचाळीस पत्रं. मी पाठवणाऱ्यांची नावं मोठ्याने वाचत गेले, काकूंनी काकांचा हात धरला. मामा, शाळेच्या बाई, विमावाले, कुणी परब, कुणी देसाई. डॉक्टर मुजुमदार म्हटलं आणि काकू किंचाळल्या, "दाबला! हात दाबला!"

पत्राच्या विषयाची ओळ होती, 'हापूस आला आहे'. काका दर वर्षी गावाहून आंबे मागवून ओळखीच्यांना द्यायचे. त्याचं ते पत्रक. डॉक्टरांनी त्यालाच उत्तर दिलं होतं. आपल्याकडे नवीन पत्र कोण लिहितो? समोर जे असेल त्याखालीच उत्तर ठोकून द्यायचं. वर लिहिलं होतं, दोन पेट्या माझ्यासाठी ठेवा, मागच्या वर्षीचे अप्रतिम होते. आणि त्याखाली, सुषमाला पुढे कधीही इंजेक्शनने भूल द्यायची वेळ आली, तर अमुक औषध देऊ नये, हे पत्र जपून ठेवावं. विषयावरून ते आम्हाला जन्मात सापडलं नसतं.

सुषमाने फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. दहा मिनिटांत त्यांचा फोन आला. तिने तो सगळ्यांना ऐकू येईल असा धरला. "फार बरं झालं," ते म्हणाले. "शुक्रवारी द्यायच्या औषधांच्या आमच्या यादीत हे होतं."

काका लहान मुलासारखे आवाज करून रडले. झटक्यानंतर त्यांच्या तोंडून एवढा मोठा आवाज पहिल्यांदाच आला होता.

शुक्रवारी ऑपरेशन झालं. दुपारी सुषमाच्या नवऱ्याचा फोन आला, "ताई, उठली. चहा मागतेय." मी एका गिऱ्हाइकाकडे होते. तिथल्या बाईंना म्हटलं, दोन मिनिटं थांबा, आणि त्यांच्या बाल्कनीत जाऊन देवाला हात जोडले.

सगळं निभावलं होतं, पण मला चैन नव्हतं. दोन आठवड्यांनी गेले. काका खुर्चीत डुलकी घेत होते. काकू मेथी निवडत होत्या. मी समोर बसून जुडी हातात घेतली आणि सांगून टाकलं. "काकू, त्या पत्रांच्या तारखा माझ्या हातून गेल्या. त्या नीट असत्या तर पाच-सहाशे पत्रं वाचून त्या सकाळीच सापडलं असतं. सुषमाच्या जिवावर बेतलं असतं. मी त्या दिवशी गप्प बसले."

काकूंनी मान वर केली नाही. "माहीत आहे मला."

"काय माहीत आहे?"

"तारखांचं. ह्यांनी दुसऱ्याच दिवशी बघितलेलं. मी म्हटलं, तिला बोलवा, परत करून देईल. तर म्हणाले, नको. पोरगी नवीन आहे, नवऱ्याची नोकरी गेलेली. आता चूक दाखवली तर धसका घेईल आणि कुणाच्या घरची पायरी चढणार नाही. तारखांवाचून माझं काय अडतंय, म्हणाले." काकूंनी निवडलेली पानं टोपलीत टाकली. "आणि त्याच संध्याकाळी सोसायटीच्या मीटिंगला तुझा नंबर सगळ्यांना लिहून दिला."

त्या सोसायटीतली बावीस घरं माझ्याकडे होती. त्यांच्या ओळखीतून पुढची. माझ्या मुलाचं कॉलेज त्यातून झालं. मी ते माझ्या हुशारीचं फळ समजत आले होते.

मी झोपलेल्या काकांच्या पाया पडले. काकू म्हणाल्या, "उठ गो, जागे होतील," आणि स्वतःच डोळे पुसायला लागल्या.

त्या आठवड्यात मी जुन्या वहीतून नंबर काढले आणि ज्यांची ज्यांची पत्रं मी त्या काळात तशीच हलवली होती, त्या प्रत्येकाला फोन करून चूक सांगितली. काहींची मेल आता फोनवर होती, काहींना फरकच पडत नव्हता. तिघांनी मात्र मला वाक्य पुरं करू दिलं नाही. "अहो, माहीत आहे," म्हणाले, "तेव्हाच लक्षात आलं होतं." आणि मग गुडघे कसे आहेत ते विचारलं.

वीस वर्षं मी समजत होते, की गिऱ्हाइकांना मी सांभाळून घेते.